मिठाचं पाणी आणि खोबरेल

वाद तेलावरून सुरू झाला. मेढ्याच्या एसटी स्टँडजवळ मामांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेले पाणबुडी पंप, मिक्सर, वेटोळी तांब्याची तार, असा सगळा पसारा. त्या काउंटरवर भाचीनं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर ठेवला होता. बीएड कॉलेजात मास्तर लोक पारदर्शक कागद ठेवून शिकवायचे, तोच. शेजारी भिंतीवरच्या घड्याळांच्या दोन फुगीर काचा, जिलेबीच्या रंगाची पुडी, औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. भाची पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांना लाईट ऑपरेट करते. मामांनी आधी मुंबईत गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात आणि 1982 च्या संपानंतर ऑर्केस्ट्रांबरोबर लाईटचंच काम केलं. धंदा एक, पण मत एकही जुळत नाही. पावसाळ्यात दुरुस्तीला टाकलेला माझा पंप घ्यायला मी गेलो होतो. तो तयार नव्हताच, म्हणून बसून राहिलो.

भाची : चैत्रात गावच्या यात्रेला आमच्या ओळखीचा बँड येतोय. अभंग, भारूड, मागे गिटार न् ड्रम. कमिटीनं लाईटचं मला सांगितलंय. मला शार्पी नकोत, एलईडी वॉल नको. पडद्यावर हे सोडायचंय. काचेत पाणी, त्यावर तेल, दोन्हीत वेगवेगळा रंग. खालून दिवा. वरून दुसरी काच ठेवून तालावर दाबायची. अख्खा पडदा हलायला लागतो बघा.

मामा : आणि लोकांनी काय बघायचं? तवंग?

भाची : तवंगच. साठ वर्षांपूर्वी लोकांनी तिकीट काढून बघितलाय. न्यूयॉर्कला फिलमोर ईस्ट नावाचं थिएटर होतं. मार्च 1968 ला उघडलं, जून 1971 ला बंद पडलं. तिथं जोशुआ व्हाईट आणि त्याची माणसं पडद्यामागे उभी राहून हेच करायची. बाहेरच्या पाटीवर बँडच्या नावाखाली त्यांचं नाव लागायचं, जोशुआ लाईट शो. लाईटवाल्यांचं नाव पाटीवर! तुमचं कधी लागलं?

मामा : आमचं नाव फ्यूज उडाला की घ्यायचे. तेपण आईवरून.

भाची : बघा मग.

मामा : अगं पण ते बरोबरच होतं की. माणूस गाणाऱ्याला बघायला आलेला असतो. लाईटवाला दिसला म्हणजे लाईटवाला चुकला. आम्हाला हेच शिकवलं. बाई गातेय, तिचा चेहरा दिसला पाहिजे, तिच्या नाकाची सावली ओठावर पडता कामा नये. झालं काम. तुझ्या त्या न्यूयॉर्कच्या थिएटरात गाणाऱ्याच्या तोंडावर तेल फिरत असेल तर त्याला लाईट म्हणत नाहीत.

भाची : तोंडावर नव्हे, मागच्या पडद्यावर. पडद्याच्या पाठीमागून प्रोजेक्टर मारायचे, म्हणजे गाणाऱ्याची सावली पडत नाही.

मामा : हां. एवढं तरी शहाणपण होतं म्हणायचं.

मामांचा मूळ मुद्दा, मला वाटतं, तेलाचा नव्हता. प्रकाशानं काही तरी दाखवावं, ही त्यांची अट. उजेड हा नोकर, मालक नव्हे. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमीच्या नाटकांना हाताखाली राहून ते शिकले, आणि त्या शाळेत प्रकाशाला काम नेमून दिलेलं असे: पहाट करायची, आग करायची, नदी करायची. कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात 1959 साली तापस सेन यांनी ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरताना दाखवलं, थेंबभर पाणी न वापरता, नुसत्या प्रकाशानं. मामांनी ते पाहिलेलं नाही. पण परळच्या वायरमनांत त्याची कथा अशी सांगितली जायची की ऐकणाऱ्याला आपणच पुढच्या रांगेत पाय वर घेऊन बसलो होतो असं वाटावं.

भाची : मामा, तुम्ही नदी कशी करत होता? ते सांगा की यांना.

मामा : (माझ्याकडे बघत) त्यात काय सांगायचं. ॲल्युमिनियमची परात. तळाला आरशाचे तुकडे, वर दोन बोटं पाणी. एक स्पॉट वरून तिरका मारायचा. उजेड पाण्यातून आरशावर, आरशावरून मागच्या पडद्यावर. बोटानं पाणी हलवलं की पडद्यावर लाटा. खळबळ पाहिजे तर दोन बोटं, संथ पाहिजे तर परातीच्या काठाला नुसती टिचकी. एका नाटकात हिरॉईन जीव द्यायला जाते तो प्रवेश होता. मी आत परातीजवळ बसून रडवायचो लोकांना.

भाची : म्हणजे तुम्ही लिक्विड लाईट शो केलाय.

मामा : मी नदी केलीय! तिथं नदी होती. नाटकात लिहिलेली होती. तुझ्या तेलात काय लिहिलंय?

भाची : काहीच नाही. तीच तर गंमत. संगीतात तरी काय लिहिलेलं असतं? ढोलकीचा तोडा वाजतो तेव्हा तो कशाचं चित्र असतो का? नसतो. तरी अंगावर येतो. 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजात सीमोर लॉक्स नावाचे कलेचे प्राध्यापक होते. त्यांनी वर्गातला असाच प्रोजेक्टर घेतला, काचेच्या भांड्यात रंग ओतले, ढवळले, आणि पडद्यावर चित्र हलायला लागलं. रॉक वगैरे तेव्हा कुठं होतं? रंगवायचं चित्र थांबू नये, एवढाच विचार. तिथल्या पोरांनी ते उचललं आणि बारा-तेरा वर्षांनी ते रॉकच्या मागे जाऊन बसलं.

मामा : आणि बघणारे काय घेऊन बसायचे? मी ऐकलंय हां, मुंबईत राहिलोय मी. मळवलीला 1971 साली ती स्नेहयात्रा झाली होती, लोणावळ्याजवळ. केसाळ पोरं लोकलनं चाललेली बघितलीत मी.

भाची : खोटं कशाला बोलू, नशा होतीच. एलएसडीवर कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 1966 मध्ये बंदी आली, त्याच्या आधी आणि नंतरही घेणारे घेत होते. डोळ्यांपुढे जे नाचतं ते पडद्यावर आणायचं, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात होतं. पण काच धरणारा हात नशेत असून चालत नाही, मामा. खाली दिवा तापलेला, बाजूला पाणी, अंधारात वायरी.

मामा : ते मात्र खरं.

भाची : आणि सगळेच काही नशेसाठी करत नव्हते. लंडनचे मार्क बॉयल आणि जोन हिल्स मूळचे चित्र-शिल्पवाले. ते यूएफओ नावाच्या क्लबात दोन काचांमध्ये रसायनं घालून दिव्याच्या आचेनं उकळायचे. ॲसिडनं धातू कसा खातो ते पडद्यावर मोठं करून दाखवायचे. एकदा तर शरीरातनं निघणाऱ्या सगळ्या पदार्थांचा शो केला. रक्त, थुंकी, अश्रू...

मामा : बास. यात्रा देवाची आहे.

इथे मी हसलो आणि चहा सांगितला. बॉयल-हिल्सचं काम खरं तर गमतीचं नाही, गंभीर आहे. जग जसं आहे तसं भिंगाखाली ठेवायचं, सजवायचं नाही, हा त्यांचा हट्ट पुढे आयुष्यभर टिकला. पण मेढ्याच्या बाजारपेठेत दुपारी बारा वाजता तो मुद्दा रेटण्यात अर्थ नव्हता.

भाची : बरं, आपल्याकडचं सांगते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये शांबरिक खरोलिका काढली. जादूचा कंदील. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, कंदिलातून पडद्यावर. मुलं रामचंद्र आणि विनायक बरोबर. काचा अशा सरकवायचे की चित्रातली माणसं हलल्यासारखी वाटायची, वर निवेदन, गाणी. मराठी माणूस सिनेमाच्या आधीपासून काचेवर रंग लावून पडद्यावर सोडतोय.

मामा : पण त्यात राम-सीता होते. लोक काचेला नाही, रामाला बघायला यायचे. तू माझ्याच बाजूनं बोलतेस.

भाची गप्प झाली. मला वाटतं, हा मुद्दा मामांनी जिंकला. खरोलिकेला तेलाच्या खेळाची आजी म्हणायची हौस सगळ्यांना असते, पण ती कथाकारांची परंपरा. तिचा वंश सिनेमाकडे गेला. तेलाच्या काचेत कथा नाही, आणि तिथं गोष्ट शोधणं म्हणजे तबल्याच्या पेशकारात कथानक शोधणं. भाचीनं मग वेगळ्या बाजूनं सुरुवात केली, आणि ती जास्त खरी होती.

भाची : मामा, मी आता शोला काय करते माहितीय? मोठ्या कार्यक्रमाला सगळं आधी बसवलेलं असतं. एका डीएमएक्सच्या वायरीत 512 चॅनेल. गाण्याला टाइमकोड लावलेला. ड्रमरच्या कानात क्लिक वाजते, तीच माझ्या मशीनला जाते. गाणं सुरू झालं की लाईट आपोआप. कुठल्या सेकंदाला निळा, कुठल्या सेकंदाला झोत वर, सगळं ठरलेलं. मी बसून असते. कधीकधी गाणंही ऐकत नाही. एकदा शोमध्ये घरचे मेसेज वाचत होते, शो उत्तम झाला.

मामा : मग नशीब म्हण. आम्ही तेरा जत्रा ओळीनं मारायचो. दिवसा टेम्पोत झोप, रात्री परत वायरी. तेव्हा कोणी सांगितलं असतं, एक बटण दाब आणि पड निवांत, तर मी पाया पडलो असतो. तुमच्या पिढीला त्रासाचं भारी कौतुक. त्रास ज्यानं काढला त्याला विचार.

भाची : त्रासाचं नाही हो. ऐकायचं म्हणतेय मी. तेलाची काच हातात असली की ऐकावंच लागतं. ड्रमरनं लय वाढवली, हात वाढतो. गाणारा थांबला, हात थांबतो. दोन रात्री सारख्या होत नाहीत.

मामा : सारख्या नाही झाल्या तर कमिटी विचारते, काल भारी होतं, आज का नाही. आणि शार्पीला तू नावं ठेवतेस, पण जत्रेत पोरं शार्पीखालीच नाचतात.

शार्पीबद्दल दोन शब्द. इटलीच्या क्ले पाकी कंपनीनं 2010 साली या नावाचा फिरता दिवा काढला, अवघा 189 वॅटचा, पण झोत काठीसारखा बारीक आणि कडक. पुढे सगळीकडून स्वस्त नकला आल्या आणि आता साताऱ्या-सांगलीत मिरवणुकीतला कुठलाही फिरता झोत म्हणजे शार्पी. त्याच्या जोडीला लेझर आले आणि लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात 2024 च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेझरच्या झोतांवर बंदी घातली. प्रकाशाचा खेळ प्रेक्षकाच्या समोर मांडायचा की थेट त्याच्या डोळ्यात मारायचा, हा फरक तेवढ्या गर्दीत कुणी विचारात घेत नाही. मामा मात्र या एका बाबतीत भाचीच्या बाजूला गेले. डोळ्यात मारायचं ते बॅटरी घेऊन रानडुकरं शोधताना, म्हणाले.

मग काच प्रत्यक्ष लावायची ठरली. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. मागच्या भिंतीवर जुनी चादर टांगली. प्रोजेक्टरचा दिवा 24 व्होल्ट, 250 वॅटचा. पंखा सुरू झाला तसा धुळीचा जळका वास आला. एका फुगीर काचेत जिलेबीच्या रंगाचं केशरी पाणी. भाची पॅराफिनची बाटली उघडायला लागली तेव्हा मामा म्हणाले, पैसे कशाला घालवतेस, आणि गल्ल्यामागून खोबरेलाची बाटली काढली.

आता पौषातला मेढा. वेण्णेच्या काठाची थंडी. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि बाटलीत ते पांढरंधोप झालं होतं. मामांनी चमच्यानं खरवडून गोळे पाण्यावर टाकले. भाची कपाळाला हात लावून बसली, कारण घट्ट तेलातून उजेड जात नाही; चादरीवर नुसते काळे ठिपके आणि त्यांच्यामध्ये केशरी.

पण दिवा तापत होता. मिनिटभरानं ठिपक्यांच्या कडा विरघळायला लागल्या. आधी राखाडी, मग काठाशी पातळ पिवळसर, आणि मग काळ्याच्या आत केशरी वाटा शिरायला लागल्या. मोठा गोळा मध्ये तुटला. दोन तुकड्यांमध्ये उजेडाची खिंड पडली आणि ती रुंद होत गेली. लिक्विड पॅराफिनचे आकार मी व्हिडिओत पाहिलेत, गुळगुळीत, फुग्यासारखे. हे तसं नव्हतं. हे खडबडीत होतं, तुटत होतं, आणि कुणी काच हलवलेली नव्हती.

मामा : हे कोयनेचं पाणी चढतंय.

भाची : काय?

मामा : असंच चढलं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, धरण अडवलं तेव्हा. आधी खालची रानं गेली, मग टेकाडांच्या मधनं पाणी आत. जिथं वाट होती तिथं पाणी. ह्या बघ, ही टेकडी राहिली, हिचं बेट झालं. बामणोलीच्या बाजूला गेलीस तर अजून दिसतात तसली बेटं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की.

भाची : मामा, तेल आहे ते.

मामा : असू दे तेल.

अर्धा तास तिच्या तेलात काही लिहिलेलं नाही म्हणून भांडणारा माणूस आता भरभर वाचत होता, आणि काहीच नसतं म्हणणारी पोरगी त्याला ते तेल असल्याची आठवण करून देत होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर दोघांनीही मला बाहेर काढलं असतं.

भाचीनं फोनवर बँडचं रेकॉर्डिंग लावलं आणि वरची काच ठेवून समेवर दाबायला लागली. जमेना. ती बरोबर समेवर दाबत होती, पण तेल पसरायचं सम निघून गेल्यावर. प्रत्येक वेळी चित्र गाण्याच्या मागे, शाळेत उशिरा येणाऱ्या पोरासारखं. तिनं आणखी जोरात दाबलं, पाणी काचेबाहेर आलं.

मामा : सर तिकडं. समेवर नाही दाबायचं. समेच्या आधी सोडायचं.

भाची : आधी म्हणजे किती?

मामा : ते तेल सांगतं. आमच्याकडं पाण्याचे डिमर होते. चिनीमातीचा पाइप उभा करायचा, त्यात मिठाचं पाणी. तळाला एक धातूची पट्टी, वर दोरीला दुसरी. वरची खाली सोडली की पाण्यातनं करंट जास्त, दिवा उजळला. वर ओढली की मावळला. मीठ जास्त पडलं तर दिवा हळूहळू चढतच नाही, एकदम येतो, वर फ्यूजचा धोका. कमी पडलं तर पूर्ण पेटतच नाही. आणि मोठा दिवा मुळातच आळशी, तार तापायला वेळ घेतो. बाई मुखड्यावर येणार, तर तिनं श्वास घेतला की माझी दोरी सुटलेली असायची. श्वास दिसायचा मला. ती चोळीची पट्टी हलायची ना गळ्याजवळ, ती बघून. मुखड्यावर दोरी सोडली तर बाई अंधारात गाते पहिली ओळ.

भाची : एलईडीला हे काही लागत नाही. दाबलं की पेटतो.

मामा : म्हणून तुझा हात तसा झालाय.

त्यांनी काच हातात घेतली. पहिली दोन आवर्तनं नुसती ऐकली, हात हवेत. मग मृदंगाचा तुकडा सुरू झाला तसा काचेला अगदी हलका दाब दिला, आणि सम आली तेव्हा चादरीवर केशरी पूर्ण उघडलेलं होतं. परत. परत. तिसऱ्यांदा गायकानं आलाप लांबवला; मामांनी दाब सोडलाच नाही, तेल दोन काचांत ताणून धरलं, आणि गाणं खाली उतरल्यावर सोडलं. भाची हे पडद्याकडे नाही, मामांच्या मनगटाकडे बघत होती.

माझं मत सांगतो, दोघांनाही ते पटणार नाही. फिलमोर ईस्टच्या त्या माणसांचं कौतुक रंगासाठी होतं तसं या उशिरासाठीही असायला हवं. जे साधन उशिरा उत्तर देतं, ते वापरणाऱ्याला गाण्याच्या पुढे राहावं लागतं. गायक आता काय करील याचा अंदाज त्याच्या हातात असावा लागतो, आणि तो अंदाज गाणं आतून माहीत असल्याखेरीज येत नाही. तेलासारखे आकार संगणक आज हुबेहूब काढतो, माझ्या फोनवरही निघतात. फक्त ते वेळेवर येतात, त्यामुळे काढणाऱ्याला वाट बघावी लागत नाही. मामांची परात काय, मिठाचं पाणी काय, जोशुआच्या काचा काय, नदी दाखवा नाही तर काहीच दाखवू नका, हात एकाच पद्धतीनं तयार होतो.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही लेखक लोक शॉक बसलेला नसताना बोलता. मिठाच्या डिमरनं त्यांच्या ओळखीच्या एका पोराचा हात कायमचा अधू झाला होता. ते पाइप गेले, डिमरस्टॅट आले, मग थायरिस्टर, तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता, आणि तो त्यांना परत घ्यायचा नाही.

भाची : मग यात्रेला काच तुम्ही धरता का?

मामा : मी? लोक म्हणतील म्हाताऱ्याला भाचीनं कामाला लावलं.

भाची : एकाच अभंगाला. बाकीच्यांना मी धरते, तुम्ही नुसतं शेजारी बसा.

मामा : एक अट. बाकी वेळ गायकाच्या तोंडावर पांढरा स्पॉट. चेहरा दिसला पाहिजे.

भाची : चालेल. पांढरा नको, जरा पिवळट.

मामा : पिवळट. बरं. दिव्याचे दोन बल्ब जादा ठेव, जनरेटरवर व्होल्टेज नाचतं. आणि प्रोजेक्टर टेबलावर नको, लोक नाचायला लागले की टेबल हलतं. विटांवर ठेव.

भाची : आणि तेल हेच घ्यायचं, खोबरेल.

मामा : घे की. पण पोरी, यात्रा चैत्रात. चैत्रात खोबरेल थिजतं का?

हे भाचीच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

भाची : मग आइस बॉक्स आणायचा. साताऱ्याहून बर्फाची लादी.

मामा : आणि कमिटीच्या हिशेबात काय लिहायचं, लाईटसाठी बर्फ? गोळेवाला असतोच यात्रेत, त्याच्याकडनं घे. फक्त पैसे संध्याकाळीच देऊन ठेव. रात्री दहानंतर तो बर्फ संपला म्हणून सांगतो आणि तमाशाच्या राहुटीत जाऊन बसतो.